पोळ्याच्या सकाळची बंडी

१

नयन भोयरचं मुंडकं धडापासून पुरतं सुटलं नव्हतं, एवढंच काय ते म्हणायचं. तार गळ्यात बसली, विमान त्याच वेगात पुढे गेलं, गवतात उलटं झालं, आणि मागचा पंखा थांबेपर्यंत सापडेल ते कापत राहिला. मी हवालदार खेमसिंग राठोड. रुळावरची माणसं मी गोळा केली आहेत, विहिरीतली फुगलेली बाहेर काढली आहेत. पण त्या सकाळी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून मी भडाभडा ओकलो. ज्याला हसायचं त्याने हसावं.

वाघझरी हे गाव उमरखेडहून पुसदकडे जाताना आत वळलं की लागतं. नयन पुण्यात शिकला, तिथेच कमावता झाला, आणि परत येऊन बापाच्या वाटणीच्या शेतात त्याने गवताची धावपट्टी केली. दोन बैठकींचं विमान आणलं. पुढे माणूस, मागे पंखा, वर छप्पर नाही की समोर काच नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे मी माझ्या पदरचं जोडतो.

यंदा तर त्याने कहरच केला. पोळ्याला गावाच्या आखरावर, म्हणजे वेशीजवळच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सगळे बैल उभे राहतात, आणि मानाची जोडी पुढे झाली की तोरण तुटतं. वाघझरीत तो मान भोयरांच्या थोरल्या घराचा, म्हणजे नयनचे काका नानाजी यांचा. नयनने गावभर सांगितलं, "यंदा तोरण माझं विमान तोडणार. आता हाच मानाचा बैल." विमानाला झूल शिवली, नाकाला बाशिंग बांधलं. संध्याकाळच्या त्या तमाशाची सकाळी तालीम होती, आणि तालमीतच तो गेला.

आम्ही पोचलो तेव्हा गाव दुसऱ्याच कामात होतं. पट्टीच्या टोकाला लोखंडी खांबाशी राखणदार गोविंदाला दावणीच्या दोराने बांधलं होतं आणि लोक त्याला तुताऱ्यांनी बडवत होते. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. पोळ्याच्या दिवशी ती बैलाला लावत नाहीत, म्हणून की काय माणसावर चालली होती. गोविंदाचा उजवा हात कोपराखाली उलटा लोंबत होता आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते.

"सोडा त्याले!" आमच्या मॅडम, सहायक निरीक्षक मैत्रेयी मुनेश्वर, जीप थांबायच्या आधीच उतरल्या होत्या. मी काठी काढली आणि समोर येईल त्याच्या नडग्यांवर चालवली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

"यानंच मारलं पोराले!" एक जण ओरडला. "झटक्याची तार काढाची इसरला हा! नानाजीनं पह्यला फटका हानला, मंग आमी."

पट्टीची रात्रीची राखण गोविंदाकडे होती. रात्री रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं पट्टीवर येऊन खड्डे करतात, म्हणून तो दोन्ही टोकांना खांबांवरून विजेच्या झटक्याची तार आडवी ओढायचा आणि पहाटे गुंडाळून ठेवायचा. आज ती पूर्वेच्या टोकाला तशीच होती. गावाचा न्याय तिथेच झाला होता.

गोविंदाला जीपमध्ये घातलं. त्याची बायको मथुराबाई चपलाही न घालता मागे धावत आली. "बाई, हे इसरनारे मानूस नाईत वो! मेले तर हेच खुनी म्हनून मरतीन!"

मॅडम तिकडे पाहत नव्हत्या. त्या खांबाजवळ वाकल्या होत्या. तार मधोमध तुटली होती, पण तिची टोकं खांबांना तशीच होती.

"काका, इकडे या," त्या हळूच म्हणाल्या. "ही तार इसरलेली नाई. ही बांधलेली आहे."

२

झटक्याची तार खांबाला थेट कधी बांधत नाहीत. खांबावर पांढऱ्या प्लास्टिकच्या गुंड्या असतात, तार त्यांच्यातून जाते. लोखंडाला टेकली तर झटका जमिनीत जातो आणि डुक्कर खुशाल पलीकडे जातं. इथे दोन्ही खांबांवरच्या गुंड्या रिकाम्या होत्या. एक गुडघ्याच्या उंचीवर डुकरासाठी, दुसरी कमरेला रोह्यासाठी. तार मात्र त्यांच्याही वर, माझ्या छातीशी, नुसत्या लोखंडाला पिळे देऊन आवळली होती.

"एवढ्या उंचीवर कोणतं जनावर येते?" मी विचारलं.

"विमानात बसलेल्या माणसाचा गळा येते," मॅडम म्हणाल्या.

उमरखेडच्या दवाखान्यात गोविंदा शुद्धीवर आला तेव्हा त्याचा एक डोळा बंद झाला होता. डॉक्टर म्हणाले, आतून रक्तस्राव आहे, आज निभला तर निभला. मॅडम खुर्ची ओढून त्याच्या कानाशी बसल्या.

"गोविंदाभाऊ, तार काढली होती का?"

"काढली व्हती, बाई. गुंडाळून खांबाले अडकवली. मंग आंगोळीले घरी गेलतो." मग त्याने चांगल्या हाताने खाटेची कड धरली. "पन येवढे जन म्हनून राह्यले. एकाच टोकाची काढली का म्या? रोजचं काम, हाताले सवय. मलेच आता सांगता येत नाई."

मार खाऊन माणसाची हाडं मोडतात हे मी पाहिलं होतं. स्वतःवरचा भरवसा मोडलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला गावाचा संताप आला.

"तुमी निघाले तेव्हा पट्टीवर काय काय होतं?"

"काईच नाई. मोकळी व्हती."

मॅडम उठल्या. जीपमध्ये बसल्या. मग म्हणाल्या, "पश्चिमेच्या टोकाले एक बंडी पाह्यली ना तुमी, काका? एक चाक निखळलेली?"

पाहिली होती. त्या टोकाला, पट्टीच्या रुंदीच्या ऐन मधोमध, नयनच्याच गोठ्यातली जुनी बैलबंडी कलंडून पडली होती. मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. गावात बंडी नाही तर काय बोट दिसणार?

"गोविंदा घरी गेला तेव्हा नव्हती," मॅडम म्हणाल्या. "मंग आणली कोणं, आन् कायले?"

३

ऋतिक हा नयनचा नागपूरचा दोस्त. विमानाची देखभाल तोच करायचा आणि नयनला उडायलाही त्यानेच शिकवलं होतं. त्याच्या डाव्या गालावर पाच बोटं उमटलेली होती.

"नयननं मारलं," त्याने आपणहून सांगितलं. "सकाळी. बघायला आलेल्या पोरांसमोर."

"काहून?"

"मी उडू नको म्हटलं म्हणून. मॅडम, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. विमान वाऱ्याच्या तोंडाला पळवायचं असतं, म्हणून आम्ही नेहमी पश्चिमेकडे तोंड करून निघतो. आज तिकडे ती बंडी आडवी. चाकाचा खिळा कुणीतरी काढून नेलेला, लोटली तरी हलेना. ट्रॅक्टरवाला सणाला गावी गेलेला. नयननं नाल्यावर निरोप पाठवला की बैलजोडी द्या. सगळं गाव तिथं बैल धूत होतं. लोक हसले म्हणे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू कोण ठेवणार?"

"मंग?"

"मग म्हणाला, पूर्वेकडे तोंड करून निघतो, वारा काही फार नाही. मी म्हटलं, वारा पाठीमागून असला की विमान पट्टीच्या टोकापर्यंत उचलत नाही, आणि सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत येतं, समोरचं काही दिसत नाही. ती झूलही काढ म्हटलं, पंख्यात जाईल. त्यावर कानफटात दिली. मी निघून गेलो." त्याने गालावरून हात फिरवला. "मी रोज पट्टीवर एक चक्कर मारतो, मॅडम. आज रागात मारली नाही. मारली असती तर तार दिसली असती."

तो ढसाढसा रडला. मला मात्र तोच हवा होता. बाहेर आल्यावर मी सांगून टाकलं, "यानंच केलं. अपमान झाला, कुठून उडणार ते ठाऊक. आन् दुसरं म्हणजे बंडी बैलांनी आणलीच नाही. मी चाकोरी पाहून आलो. ओल्या मातीत खुराचा एक ठसा नाही, नुसते माणसाचे अनवाणी पाय, अंगठे आत रुतलेले. एकट्यानं ओढली. गावचा माणूस असता तर बैल जुंपले असते. या नागपूरवाल्याला जुंपता येत नाही."

मॅडम हसल्या. मला त्यांचं ते हसणं आवडत नाही, कारण त्यानंतर मी मूर्ख ठरतो.

"कानफटात मारली तेव्हा बंडी आधीच तिथं पडली होती, काका. अपमान नंतर झाला. आन् त्याचे पाय पाह्यले का? मऊ, जोडे घालणारे. बंडी ओढणारा अनवाणी होता." त्या जीपमध्ये बसल्या. "बैल जुंपता येत नव्हते म्हणून नाई ओढली त्यानं. येत होते म्हणून ओढली."

४

भोयरांच्या घरी सुतक. चूल थंड होती, शेजारून चहा आला. नानाजी ओसरीवर बसले होते. साठीला टेकलेले, पण मान अजून पैलवानाची. पुसदच्या फडात त्यांनी कुस्त्या मारलेल्या मी लहानपणी पाहिल्या होत्या. नुकतीच अंघोळ करून धुतलेला पांढरा सदरा घातला होता. विमलताई, त्यांची बायको, खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होत्या.

अंगणात एकच बैल. दुसरी दावण रिकामी, पण झाडून शेण-सडा केलेली. त्या दावणीसमोर पळसाच्या पानावर पोळी ठेवली होती, कालच्या खांदशेकणीची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. नसलेल्या बैलालाही यांनी आवतण दिलं होतं.

"जोडी कशी मोडली, नानाजी?" मॅडमनी विचारलं.

"मिरगाच्या आधी. नयनच्या इमानानं." आवाज सपाट होता. "सकाळी उतरत व्हता. बैल पट्टीवर चरत गेला. चाकानं पाडला, पंख्यानं मांडी फाडली. दिवस मावळेलोक जीव जात नव्हता."

"नयन काय म्हणला?"

"मने, ऊन डोयावर व्हतं काका, दिसला नाई."

"मान मंग यंदा तुमचा नव्हता."

"एका बैलाचा मान नसते, बाई. जोडी लागते." त्यांनी डाव्या हाताने कप उचलला, चहा थोडा सांडला. उजवा हात मांडीवरच राहिला. "पन पोरगा गेला. आता कायचा मान?"

"आज सकाळी कुठं होते?"

"नाल्यावर. सगळ्या गावासंगं. बैल धूत व्हतो."

बैल आमच्याकडे बघत शेपटी हलवत होता. त्याच्या मांडीवर वाळलेल्या शेणाचे पोपडे होते. मला वाटलं, एकट्या बैलाला धुताना म्हाताऱ्याचं मन लागलं नसेल. नानाजींच्या सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर पिवळा डाग होता. मला वाटलं, कालच्या खांदशेकणीचा. मला जे जे वाटलं ते सगळं मी इथे मुद्दाम सांगतो आहे.

मॅडमनी निघताना विमलताईंच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दचकल्या आणि पदराखाली हात लपवले. "ताई, संध्याकाळी बैल आखरावर नेणार?"

उत्तर नानाजींनी दिलं. "बैलाले सुतक नसते."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दवाखान्यातून. गोविंदाचा श्वास घसरत होता.

५

वाजंत्री नव्हती. आखरावर तोरण मात्र बांधलं होतं आणि रंगवलेल्या शिंगांचे, घुंगरांचे बैल रांगेत उभे होते. नानाजी एकटा बैल घेऊन बाजूला थांबले होते. विमलताई मागे.

मॅडम तोरणाखाली जाऊन उभ्या राहिल्या. गावाने माना वर केल्या.

"तुमी सगळे सकाळी न्याय करून मोकळे झाले," त्या म्हणाल्या. "आता माह्यं ऐका. झटक्याची तार लोखंडाले कोणी बांधत नाई. ती माणसाच्या गळ्यासाठी बांधली होती. ज्यानं बांधली त्याले विमान पूर्वेकडेच न्यायचं होतं, कारण तिकडे ऊन डोळ्यावर येते आन् तार दिसत नाई. म्हणून पश्चिमेले बंडी टाकली. ऊन डोळ्यावर आलं का समोरचं दिसत नाई, हे गावात कोणाले चांगलं ठाऊक होतं?"

काही नजरा नानाजींकडे वळल्या.

"बंडी लवकर आणायची होती. गोविंदा घरी गेला, गाव नाल्यावर, मधली वेळ थोडी. कोणीही बैल जुंपले असते. ज्याले माणूस मारायचा तो बैल जुंपायले काहून भिते? पण यानं जू सोताच्या खांद्यावर घेतलं. एकट्या माणसानं ओल्या मातीतून बंडी ओढली. त्याचा खांदा सोलून निघाला असन."

त्या नानाजींसमोर जाऊन थांबल्या.

"नानाजी, तुमी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला. कालच्या खांदशेकणीची हळद त्यावर कशी येईल? ती आतून उमटून राह्यली. तुमी बैल धूत होते म्हणता, आन् तुमच्याच बैलाच्या अंगावर कालचं शेण. विमलताई, बैलांचे खांदे काल शेकले. आज सकाळी हळद-लोणी कोणाच्या खांद्याले लावलं?"

विमलताईंच्या तोंडातून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. गाय ओरडते तसा होता. पदराबाहेर आलेली त्यांची बोटं पिवळी होती.

मॅडमनी नानाजींच्या उजव्या खांद्यावर तळवा टेकवला. नुसता टेकवला. पैलवान गुडघ्यावर आला, आणि पांढऱ्या सदऱ्यावर हळदीतून रक्त फुटलं.

"हासला तो," नानाजी खाली बघत म्हणाले. "माह्या बैल तडफडून राह्यला व्हता आन् तो इमानाचं चाक पाहून राह्यला व्हता. मने, दुसरा घेऊन देतो. मंग मने, यंदा माह्यं इमानच मानाचा बैल. म्या म्हटलं, तुयाई डोयावर ऊन येऊ दे. मी खांबामांगं बसून पाह्यलं. तार बसली तवा त्यानं हात वर केला, लहानपनी कडेवर घे म्हनाचा तसा." त्यांनी बैलाच्या पुढच्या पायाला धरलं. "याले आंगोळ घातली नाई आज. जवळ जायची हिंमत झाली नाई. पन बैल जुंपला नाई बाई म्या. आजच्या दिवशी बैलाच्या मानीवर जू नाई ठेवलं."

"हाव," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "बैलाच्या मानीवर ठेवलं नाई. गोविंदाच्या मानीवर ठेवलं. आन् पह्यली तुतारी तुमीच मारली."

नानाजींनी बैलाचा पाय सोडला.

मग गाव हललं. तेच गाव, त्याच तुताऱ्या. "मारा साल्याले!" कुणीतरी ओरडलं आणि गर्दी म्हाताऱ्यावर कोसळली. बैल बुजले, एकाने शिंगाने पोराला उडवलं, दावी तुटली. मी नानाजींवर आडवा पडलो. एक दगड माझ्या कपाळावर बसला आणि डोळ्यांत रक्त आलं, तरी हातातली काठी सुटू दिली नाही. मॅडमनी हवेत गोळी झाडली तेव्हा कुठे सगळे थांबले.

"सकाळी ज्यायनं ज्यायनं हात उचलला ते सगळे ठाण्यावर येतीन," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आन् आता ज्यायचे हात साफ असतीन त्यायनं पुढं या. तोरण तोडा. काहून थांबले?"

कुणी पुढे आलं नाही. माणसांनी एकमेकांकडेही पाहिलं नाही. नानाजींना जीपकडे नेताना तो मळका बैल आमच्या मागे मागे आला आणि विमलताईंनी त्याचं दावं धरलं तेव्हाच थांबला. तोरण तसंच राहिलं. त्याची पानं पुढे कितीतरी दिवस तिथे वाळत होती, जाता-येता मी पाहायचो.

६

दवाखान्यात मथुराबाई दारातच भेटली. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं, कारण मला वाईटच ऐकू येणार असं वाटत होतं. "श्वास थाऱ्यावर आला," ती म्हणाली. "डागदर म्हनते, जगतीन. हात काई खरा नाई म्हनते."

आम्ही आत गेलो. मॅडमच्या शर्टाची बाही फाटली होती, माझ्या कपाळाला पट्टी होती. गोविंदाने उघडा डोळा आमच्याकडे वळवला. कोण सापडलं, कशाने सापडलं, त्याने काहीच विचारलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "म्या तार गुंडाळली व्हती ना?"

मॅडम त्याच्या खाटेशी बसल्या. त्यांनी त्याचा चांगला हात हातात घेतला.

"गुंडाळली होती, गोविंदाभाऊ. दोन्ही टोकांची."

त्याने डोळा मिटला. मथुराबाईने पदराचं टोक ओलं केलं आणि त्याच्या कानाजवळ सुकलेलं रक्त पुसू लागली.